ध्रुवीय प्रदेशांतील जीवशास्त्रीय संशोधन: आपल्या देशाला आणि कोकणातल्या विद्यार्थ्यांना किती वाव आहे?

खाडीकाठ (रत्नागिरी) – प्रश्न

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी सध्या भाट्याच्या खाडीतील प्राणीप्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर) प्रबंधिका करीत आहे. भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून होडीतून प्लवकजाळी ओढायची, मिळालेला नमुना फॉर्मालिनमध्ये राखायचा आणि मग दुपारभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कोपेपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या गटातले बारीक प्राणी), खेकड्यांच्या अळ्या, माशांची अंडी एकेक करून वेगळी काढायची, हे काम ती ज्या चिकाटीने करते ते पाहून मला तिच्याविषयी फार आशा वाटते. तिने मध्यंतरी मला विचारले, की याच तऱ्हेचे काम अंटार्क्टिकाच्या किंवा आर्क्टिकच्या समुद्रात करण्याची संधी आपल्या देशात मिळते का, आणि मिळत असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी शिकलेल्या मुलीपर्यंत ती पोहोचते का. तिला नीट उत्तर देता यावे म्हणून जाणकारांपुढे हा प्रश्न ठेवीत आहे.

मोटामोटी माहिती मला आहे. डिसेंबर 1981मध्ये पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम आपल्या शेजारच्या गोव्याहूनच निघाली आणि तिचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम हे मुळात सागरी जीवशास्त्रज्ञ होते. 1983-84च्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत अंटार्क्टिकावर गेलेल्या डॉ. अदिती पंत याही समुद्राचाच अभ्यास करणाऱ्या. त्या नागपूरच्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेल्या. म्हणजे आरंभापासून या कार्यक्रमात जीवशास्त्राला जागा होती. मात्र आज वर्तमानपत्रांतून वाचायला मिळते ते बहुतेक हिमनद्यांविषयी, बर्फाच्या गाभ्यांविषयी आणि हवामानाविषयी असते. सजीवांविषयी क्वचितच काही छापून येते.

त्यामुळे मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. ध्रुवीय जीवशास्त्रात भारताने करण्याजोगे असे नेमके काय उरले आहे, जे इतर देशांनी आधीच करून ठेवलेले नाही? आणि कोकणच्या किनाऱ्यावर शिकलेल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथे उपयोगी पडेल असे काही हाताशी असते का, की त्याला सगळे नव्यानेच शिकावे लागते?

सुरुबन (वास्को)

ताई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी योग्य वेळी आला आहे. मी गोव्यात सागरी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करतो आणि आर्क्टिकमधल्या हिमाद्री या भारतीय केंद्रावर उन्हाळी मोसमात राहून नमुने गोळा केलेले आहेत. त्या अनुभवाच्या आधारे, जरा विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की आपली तीन केंद्रे म्हणजे जीवशास्त्राच्या दृष्टीने तीन अगदी वेगळी ठिकाणे आहेत आणि 'ध्रुवावर जायचे' असा मोघम विचार करणाऱ्याला याच ठिकाणी पहिली अडचण येते. 1989 पासून चालू असलेले अंटार्क्टिकावरचे मैत्री केंद्र शिर्माकर ओॲसिस नावाच्या बर्फमुक्त खडकाळ पट्ट्यात, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे. तिथे समुद्र नाही. तिथे आहेत ती शंभराहून अधिक गोडी तळी, त्यांच्या तळाशी वाढणारे नीलहरित शैवालांचे थर, शेवाळी, दगडफुले आणि मातीतले सूत्रकृमी व टार्डिग्रेड नावाचे आठ पायांचे सूक्ष्म प्राणी. 2012मध्ये सुरू झालेले भारती केंद्रही अंटार्क्टिकावरच, पण लार्समन टेकड्यांवर, थेट समुद्रालगत आहे. तिथे पेंग्विन, सील, हिमपेट्रेल या समुद्रपक्ष्याची घरटी आणि किनाऱ्याला चिकटलेला समुद्री बर्फ हाताशी असतो. या दोन केंद्रांमधले अंतरच सुमारे तीन हजार किलोमीटर आहे. तिसरे हिमाद्री, 2008 पासून, उत्तरेकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलेसुंद या वस्तीत, कोंग्सफिओर्ड नावाच्या खाडीच्या काठी आहे. प्राणीप्लवकांवर काम करणाऱ्या मुलीने मैत्रीसाठी प्रस्ताव लिहिला, तर तो कितीही चांगला असला तरी चुकीच्या दारावर ठोठावल्यासारखे होईल.

आपल्या विद्यार्थिनीसाठी कोंग्सफिओर्ड हे नाव मी ठळकपणे लिहून ठेवीन. या खाडीत पश्चिमेकडून अटलांटिकचे कोमट, खारट पाणी शिरते आणि आतल्या बाजूने हिमनद्यांचे थंड, गढूळ, गोडे पाणी येते. गेल्या काही दशकांत अटलांटिकच्या पाण्याचा जोर वाढला आहे. त्याचा परिणाम सगळ्यात आधी दिसतो तो कोपेपॉडांवर. आर्क्टिकच्या पाण्यात वाढणारा कॅलानस ग्लेशियालिस आकाराने मोठा आणि चरबीने भरलेला असतो, तर अटलांटिकच्या पाण्याबरोबर येणारा कॅलानस फिनमार्किकस तुलनेने लहान आणि कमी चरबीचा. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांतला फरक इतका बारीक असतो, की शरीराच्या लांबीवरून केलेली ओळख अनेकदा चुकते आणि जनुकीय तपासणी करावी लागते. पण लिटल ऑक नावाच्या समुद्रपक्ष्याला पिल्ले जगवायची असतात ती या चरबीवरच. लहान कोपेपॉड वाढले की त्याला तेवढ्याच अन्नासाठी जास्त फेऱ्या माराव्या लागतात. म्हणजे प्लवक मोजणाऱ्याच्या वहीतला बदल कड्यावरच्या घरट्यापर्यंत जाऊन पोहोचतो. आपल्या देशाने 2014मध्ये याच खाडीत पाण्याखाली उपकरणांची एक साखळी नांगरली आहे. तिला इंडआर्क म्हणतात. तापमान आणि क्षारता यांच्या तिच्या वर्षभराच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्या नोंदींच्या जोडीला वर्षानुवर्षे, त्याच जागी, त्याच पद्धतीने घेतलेले प्लवकांचे नमुने असतील तर त्या माहितीचे मोल कितीतरी वाढेल. भारताला करण्याजोगे काय उरले आहे, या आपल्या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर हेच आहे.

दुसरे उत्तर हिवाळ्याचे. ध्रुवीय जीवशास्त्रातले बहुतेक काम आजवर उन्हाळ्यात झाले, कारण जहाजे आणि विमाने तेव्हाच जातात. काळोखात सगळे जीवन थंडावते असा समज त्यातूनच पक्का झाला होता. नॉर्वेच्या नेतृत्वाखालील गटांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत याच कोंग्सफिओर्डमध्ये जानेवारीत काम करून दाखवून दिले, की ध्रुवीय रात्रीतही समुद्रपक्षी खातात, शिंपले वाढतात, आणि सूर्य नसताना प्राणीप्लवक चंद्राच्या उजेडाप्रमाणे वर-खाली होत राहतात. आपल्या देशाने डिसेंबर 2023मध्ये हिमाद्रीवर पहिली हिवाळी मोहीम पाठवली आणि केंद्र वर्षभर चालू ठेवण्याची दिशा धरली. हे दार नुकतेच उघडलेले असल्यामुळे इथे भारतीय जीवशास्त्रज्ञ मागून आलेला ठरत नाही.

तिसरी बाब सूक्ष्मजीवांची, आणि इथे आपली परंपरा खरोखर भक्कम आहे. हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या डॉ. एस. शिवाजी यांच्या गटाने 1980च्या दशकापासून शिर्माकर ओॲसिसच्या मातीतून आणि तळ्यांतून थंडीत वाढणाऱ्या जिवाणूंच्या अनेक नव्या जाती वेगळ्या केल्या. शून्य अंशाच्या आसपास पेशीचे पटल तुपासारखे गोठू नये म्हणून हे जिवाणू आपल्या पटलातील मेदाम्ले कशी बदलतात, यावरही त्यांनी मूलभूत काम केले. थंडीत चालणारी विकरे (एन्झाइम) पुढे किती उपयोगी ठरतात याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. अंटार्क्टिकातल्या व्हांडा तळ्याच्या गाळातून मिळालेल्या एका यीस्टचे लायपेज हे मेदाचे विघटन करणारे विकर आज जगभर औषधनिर्मितीत आणि रसायन उद्योगात वापरले जाते. आपल्याकडे ध्रुवीय जिवाणूंचे आणि यीस्टचे संग्रह आहेत. त्यांतले कितीतरी नमुने ओळख पटवून शीतपेटीत ठेवलेले आहेत आणि त्यांच्या विकरांचा पुढचा अभ्यास करणारे हात हवे आहेत. हे काम करण्यासाठी बर्फावर पाऊल ठेवण्याची गरज नाही. चांगली प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक मिळाला की रत्नागिरीत बसूनही ते होऊ शकते, आणि माझ्या मते ध्रुवीय संशोधनाकडे जाण्याचा तो सर्वांत खात्रीचा रस्ता आहे.

दर्याकिनार (मालवण)

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला. तरीही एक वेगळी बाजू मांडतो. मी मत्स्यव्यवसाय खात्यात आयुष्य घालवले आहे आणि किनाऱ्यावरचे प्रश्न रोज पाहिले आहेत. तारली आणि बांगडा यांच्या उत्पन्नातले चढउतार, पावसाळ्यानंतर किनाऱ्याजवळ येणारे प्राणवायू कमी असलेले पाणी, खाड्यांत साचणारा गाळ या प्रत्येक गोष्टीवर सलग नोंदींची चणचण आहे. अशा वेळी देशाने हजारो मैलांवरच्या प्लवकांसाठी पैसा आणि माणसे खर्च करावीत का, हा प्रश्न आमच्या पिढीतल्या अनेकांना पडतो आणि तो अनाठायी आहे असे मला वाटत नाही.

दुसरा मुद्दा जहाजाचा. बर्फात स्वतःच्या बळावर शिरू शकेल असे एकही संशोधन जहाज भारताकडे नाही. अंटार्क्टिकाची मोहीम भाड्याच्या जहाजावर चालते. त्या जहाजाचे पहिले काम केंद्रांना इंधन आणि शिधा पोहोचवणे हे असते, आणि वेळ उरला तर समुद्रातले नमुने. सागरी जीवशास्त्राला याहून मोठी अडचण दुसरी कोणती असणार? 1995-96मध्ये सागर संपदा हे आपले मत्स्यसंशोधन जहाज क्रिलच्या अभ्यासासाठी दक्षिण महासागरात गेले होते. तेव्हा आम्ही मोठ्या उत्सुकतेने त्या बातम्या वाचल्या होत्या. क्रिल म्हणजे दिसायला आपल्या जवळ्याचा थोरला भाऊ. पण जवळा उन्हात वाळवून वर्षभर ठेवता येतो, तर क्रिल मेल्यावर त्याच्याच पोटातली विकरे काही तासांत त्याचे मांस विरघळवू लागतात आणि त्याच्या कवचात फ्लोराइडचे प्रमाणही जास्त असते. त्यामुळे बोटीवरच प्रक्रिया करण्याची खर्चिक यंत्रणा असलेले मोजके देशच त्याची मासेमारी करतात. आपण त्या वाटेने पुढे गेलो नाही आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

क्रिलच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अंटार्क्टिक सागरी सजीव संपत्तीच्या संवर्धनासाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग आहे त्याचा भारत सदस्य आहे. अटलांटिकच्या बाजूच्या क्षेत्रात क्रिल पकडण्यावर 6,20,000 टनांची मर्यादा आहे, आणि 2025च्या हंगामात ती प्रथमच गाठली गेल्यामुळे मासेमारी मुदतीआधी थांबवावी लागली. देवमासे, पेंग्विन आणि सील ज्याच्यावर जगतात त्या प्राण्याची किती काढणी परवडेल हे ठरवणाऱ्या बैठकीत भारताचा प्रतिनिधी बसतो. तिथे मांडायला आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतः गोळा केलेली माहिती हवी, दुसऱ्यांच्या अहवालांवर आपण किती काळ बोलणार? एवढ्यापुरते मला ध्रुवीय जीवशास्त्राचे महत्त्व पूर्ण मान्य आहे. मासेमारीवरील मर्यादा स्थानिकांना विश्वासात घेऊन कशी ठरवावी आणि कशी ठरवू नये, हे मालवणच्या सागरी अभयारण्याच्या निमित्ताने 1987पासून आम्ही जवळून अनुभवले आहे. तो अनुभव असलेली माणसे अशा बैठकांच्या तयारीत असावीत असे मला मनापासून वाटते.

कातळफूल (राजापूर)

मी वनस्पतिशास्त्राची अभ्यासक आहे आणि ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. कोकणातल्या विद्यार्थ्याकडे उपयोगी पडेल असे काही असते का? माझ्या मते असते, आणि ते आपल्या पायाखाली आहे.

एप्रिल-मे महिन्यात राजापूरच्या किंवा देवगडच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या सपाट कातळावर) गेलात तर जांभा काळाकुट्ट दिसतो. तो काळेपणा दगडाचा नसतो. जांभ्याचा ताजा चिरा फोडला तर तो लाल-तांबूस असतो. वरचा काळा थर नीलहरित शैवालांचा असतो. उन्हाळ्यात कातळ इतका तापतो की त्यावर अनवाणी उभे राहता येत नाही, आणि सात-आठ महिने पाण्याचा थेंबही मिळत नाही. तरी हा थर मरत नाही. त्यातले सजीव पूर्ण कोरडे होऊन पडून राहतात. मृगाच्या पहिल्या सरी पडण्याआधी त्यावर पाण्याचा शिंपडा टाकून भिंगातून पाहा. थोड्याच वेळात तो थर फुगून मऊ होतो आणि त्याच्यात हिरवट झाक येते. कडक उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचाव करण्यासाठी ही शैवाले आपल्या आवरणात स्किटोनेमिन नावाचे पिवळसर-तपकिरी रंगद्रव्य साठवतात.

शिर्माकर ओॲसिसच्या खडकांवरचे आणि तळ्यांकाठचे नीलहरित थर याच युक्तीवर जगतात. तिथे पाणी गोठलेले असल्यामुळे सजीवांना ते मिळत नाही, इथे ते नसतेच. पेशीच्या दृष्टीने दोन्ही दुष्काळच. ओझोनचा थर विरळ होतो त्या वसंतात अतिनील किरणांचा मारा वाढतो आणि तेच स्किटोनेमिन तिथेही कामी येते. म्हणून एकाच प्रश्नाचा अभ्यास दोन टोकांना करता येतो: पूर्ण वाळलेली पेशी पुन्हा जिवंत होताना आपल्या जनुकांना झालेली इजा कशी दुरुस्त करते, आणि गोठून वितळणे व वाळून भिजणे या दोन संकटांसाठी ती एकच साधने वापरते की वेगवेगळी? सड्यावरच्या नमुन्यांवर पद्धत बसवलेली असेल, तर अंटार्क्टिकातून येणाऱ्या मोजक्या, मौल्यवान नमुन्यांवर ती चाचपडत शिकण्याची वेळ येत नाही. आपले सडे चिरेखाणींनी आणि कलमबागांसाठी झपाट्याने फोडले जात आहेत, त्यामुळे त्यांच्यावरच्या या सजीवांचा अभ्यासही तितकाच निकडीचा आहे.

वनस्पतींच्या बाबतीत भारतीयांनी अंटार्क्टिकात चांगले काम केले आहे याचीही नोंद व्हावी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी शिर्माकरच्या दगडफुलांची पद्धतशीर सूची केली. पंजाबच्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधकांना भारती केंद्राजवळ 2017च्या सुमारास मिळालेल्या शेवाळाची ओळख पटवायला काही वर्षे गेली आणि 2021मध्ये ते ब्रायम भारतीएन्से या नावाने नवीन जात म्हणून जाहीर झाले. जिथे जमिनीवर माती जवळपास नाहीच, तिथे या शेवाळाला नायट्रोजन मिळतो तो पेंग्विनांच्या विष्ठेतून. समुद्रातले क्रिल, ते खाणारा पेंग्विन आणि त्याच्या विष्ठेवर उगवणारे शेवाळ ही साखळी डोळ्यांपुढे आणली, की दर्याकिनार सरांचा समुद्र आणि माझा खडक वेगळे राहत नाहीत.

सुरुबन (वास्को)

दर्याकिनार सर, आपला आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण पैशाचा हिशेब मागणे हा नागरिकांचा हक्कच आहे. मला एवढेच सुचवायचे आहे, की किनारा आणि ध्रुव यांच्यात निवड करण्याची वेळ आपल्यावर वाटते तितकी येत नाही. जी मुलगी कोंग्सफिओर्डमध्ये कोपेपॉड मोजायला शिकते ती परत येऊन भाट्याच्या खाडीतही ते अधिक काटेकोरपणे मोजते. जहाजाविषयी मात्र आपण म्हणता ते पूर्ण खरे आहे आणि ती राष्ट्रीय पातळीवरची सगळ्यात मोठी उणीव आहे. जून 2025मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कंपनीने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी ध्रुवीय संशोधन जहाजाच्या बांधणीसाठी सामंजस्य करार केला, ही आशेची गोष्ट आहे. ते जहाज प्रत्यक्ष पाण्यात उतरेपर्यंतच्या काळात सागरी जीवशास्त्रज्ञांची एक पिढी तयार ठेवणे आपल्या हाती आहे. जहाज आले आणि त्यावर काम करणारे प्लवकतज्ज्ञ नसले तर त्याचा उपयोग पुन्हा शिधा वाहण्यापुरताच उरेल, आणि हे मी पोटतिडकीने लिहीत आहे.

स्वतःचे जहाज नसतानाही मोठे काम होऊ शकते याचे उदाहरण म्हणून 2009चा लोहाफेक्स प्रयोग सांगतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसोबत, त्यांच्या पोलारस्टर्न जहाजावर तो केला. दक्षिण महासागरात लोहाची कमतरता असल्यामुळे वनस्पतीप्लवक कमी वाढतात, तेव्हा लोह घातले तर ते वाढून हवेतला कार्बन शोषतील आणि मरून तळाशी नेतील, ही कल्पना तपासायची होती. सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोहाचे क्षार सोडले गेले. प्लवक वाढलेही, परंतु त्या पाण्यात सिलिकेट कमी असल्यामुळे काचेसारखे कवच असलेले डायॅटम वाढू शकले नाहीत. वाढले ते बिनकवचाचे बारीक प्लवक, जे कोपेपॉडांनी फस्त केले आणि कार्बन फारसा खोल गेला नाही. समुद्रात लोह ओतून हवामानबदलावर उपाय करता येईल अशा घाईच्या आशेला या निकालाने मोठा लगाम घातला. या सगळ्या निष्कर्षाच्या मुळाशी कोणी कोणाला खाल्ले, हा साधा जीवशास्त्रीय प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर प्लवक ओळखता येणाऱ्या माणसांनीच दिले.

कातळफूल ताईंनी सुचवलेला सडा आणि शिर्माकर यांचा तुलनात्मक अभ्यास मला फार आवडला. असा प्रस्ताव परीक्षकांपुढे आला तर तो वाचला जाईल, कारण त्यात मोहिमेला जाण्याआधीची तयारी दिसते.

खाडीकाठ (रत्नागिरी)

आपणा सर्वांची मी मनःपूर्वक आभारी आहे. विद्यार्थिनीला हे सगळे छापून दिले आहे. तिचे पुढचे प्रश्न व्यवहाराचे आहेत. प्रस्ताव कोण देऊ शकतो, निवड झाल्यावर काय करावे लागते, आणि तिथले नमुने इकडे आणता येतात का? तिच्या घरच्यांची चिंता वेगळी आहे. मुलगी बर्फात किती काळ अडकून राहील, हे त्यांना आधी समजून घ्यायचे आहे.

सुरुबन (वास्को)

ताई, प्रस्ताव व्यक्तीने नव्हे, तर संस्थेने द्यायचा असतो. वास्कोच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र हे मोहिमांचे आयोजन करते आणि विद्यापीठे व संशोधन संस्थांकडून प्रस्ताव मागवते. महाविद्यालयाला एकट्याने जड जाईल असे वाटत असेल तर विद्यापीठाच्या विभागाशी, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाशी किंवा गोव्यातल्या संस्थेशी जोडून प्रस्ताव लिहावा. विद्यार्थिनीने स्वतः मात्र आधी पीएच.डी.साठी नोंदणी करण्याचा विचार करावा. पदव्युत्तर पातळीवर थेट मोहिमेत जागा मिळेल अशी आशा धरू नये. त्याआधी वास्कोतल्या या केंद्रात किंवा दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत प्रकल्पासाठी काही महिने काम करता आले तर तिथले नमुने, उपकरणे आणि माणसे ओळखीची होतात.

अंटार्क्टिकासाठी निवड झाल्यावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत कसून वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडातल्या औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फावर वावरण्याचे प्रशिक्षण दिले जाते. घरच्यांना सांगावे, की उन्हाळी तुकडी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात जाऊन परत येते. वर्षाहून अधिक काळ राहणारी हिवाळी तुकडी वेगळी असते आणि तिच्यात जायचे की नाही हे आधीच ठरते, त्यामुळे नकळत अडकून पडण्याचा प्रश्न येत नाही. हिमाद्रीचा मुक्काम त्याहून बराच लहान असतो. तिथे वस्तीबाहेर पडायचे तर ध्रुवीय अस्वलांमुळे बंदूक चालवण्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती सोबत लागते. नी-ओलेसुंदमध्ये रेडिओ दुर्बिणीला अडथळा येऊ नये म्हणून वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवलेले बरे, म्हणजे मुलीशी मोबाइलवर चटकन बोलता आले नाही म्हणून ते घाबरणार नाहीत.

नमुन्यांविषयी नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. 1991च्या माद्रिद कराराने (प्रोटोकॉलने) अंटार्क्टिकाच्या पर्यावरणाला संरक्षण दिले आणि आपल्या संसदेने 2022मध्ये भारतीय अंटार्क्टिक कायदा केला. त्यानुसार सजीवांचे नमुने घेण्यासाठी आणि बाहेर नेण्यासाठी परवाना लागतो, बाहेरची माती किंवा सजीव तिथे नेण्यास मनाई आहे आणि काही जागा विशेष संरक्षित आहेत. भारतीजवळचा स्टॉर्नेस द्वीपकल्प आणि दक्षिण गंगोत्री हिमनदीचा परिसर त्यांत येतात. तिथे परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही. निघण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांतल्या खाचा घासून काढाव्या लागतात आणि जाकिटाचे खिसे, वेल्क्रोच्या पट्ट्या निर्वातयंत्राने साफ कराव्या लागतात, कारण गवताचे एक बीसुद्धा तिथे रुजू शकते. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या बाजूला पोआ ॲन्युआ हे बाहेरचे गवत असेच पोहोचलेले आहे. 2024च्या आरंभी बर्ड फ्लूचा विषाणू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळल्यापासून पक्ष्यांच्या वसाहतीजवळ जाणाऱ्यांची काळजी आणखी वाढली आहे. सड्यावर काम करणाऱ्या कातळफूल ताईंच्या विद्यार्थ्यांनी तर सड्यावरचे बूट अंटार्क्टिकाला मुळीच नेऊ नयेत, नवे घ्यावेत.

प्रस्ताव लिहिताना एकच गोष्ट सुचवतो. कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, किती खोलीवर, कोणत्या मापाच्या जाळीने आणि दिवसाच्या कोणत्या वेळी नमुना घेणार हे पहिल्याच पानावर लिहावे, आणि भाट्याच्या खाडीत त्याच जाळीने घेतलेल्या नमुन्यांचे आकडे सोबत जोडावेत. जाळीच्या छिद्रांचे माप तिथेही तेच ठेवायचे की कॅलानससाठी बदलायचे, हा निर्णय तिने आपल्याशी बसून आत्ताच घ्यावा. हवे असल्यास कोंग्सफिओर्डमध्ये आजवर वापरल्या गेलेल्या जाळ्यांचा तपशील मी पाठवतो.